आजीचे सोने : एक हिशेबाचा पाठ



चवथ जवळ आली, किंवा घरी लग्नकार्य ठरले, म्हणजे माजघरातील कपाट उघडते आणि जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक डबा बाहेर निघतो. त्यात पाटल्या असतात, एखादी मोहनमाळ असते, कुडी असतात, आणि तळाशी आजोबांच्या वेळचे चांदीचे रुपये असतात. आजी एकेक वस्तू हातात घेऊन पाहते आणि शेजारी बसलेल्या नातीला म्हणते, "ही माळ तुका हां बाय." नात हरखते. दुसऱ्या वर्षी मुंबईहून दुसरी नात येते, तिलाही तीच माळ दाखवून तेच शब्द सांगितले जातात. आजीच्या मनात कपट नसते. जी नात समोर असेल तिच्याविषयी माया दाटून येते, इतकेच. परंतु माळ एक आणि नाती दोन, हे गणित पुढे कोणालातरी सोडवावे लागते. आणि ते सोडविण्याच्या वेळी आजी बहुधा नसते.

माझी मातृभाषा कोकणी. आमच्या बोलीत सोन्याला 'भांगर' म्हणतात. मराठीत 'भंगार' म्हणजे मोडकीतोडकी, टाकाऊ वस्तू. कान्याची जागा थोडी हलली की सोन्याचे काय होते ते पाहा! शाळेत हा विनोद मी दरवर्षी करतो आणि मुले दरवर्षी हसतात. आजी-आजोबांकडून नातवंडांकडे येणाऱ्या सोन्याचांदीचेही पुष्कळदा असेच होते. वस्तू येते, पण तिच्याबरोबर तिची माहिती येत नाही. वजन किती, कस कोणता, कोणी केव्हा घेतली, आता ती कोणाची, हे सांगणारा एक कागद सोबत नसेल, तर मौल्यवान धातूचे मोल दर पिढीगणिक घटत जाते. ते कसे घटते, हाच आजच्या पाठाचा विषय आहे. वही आणि पेन्सिल जवळ घेऊनच वाचावे.

प्रथम वजन. आजी म्हणते, "माझ्या पाटल्या पाच तोळ्यांच्या." तुम्ही बाजारात गेलात तर आजचा सराफ तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो. पण आजीचा तोळा तो नव्हे. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरविण्यात आले. ग्रॅममध्ये ते सुमारे ११.६६४ भरते. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. रानात वेलीवर लाल-काळ्या गुंजा तुम्ही पाहिल्याच असतील. सोनाराच्या तराजूत त्या वजन म्हणून बसत, आणि त्या हिशेबाने एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची होते. (गुंज विषारी असते; चाखून पाहण्याचा प्रयोग करू नये.) आता गुणाकार करा. जुने पाच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. नवे पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम. फरक ८.३२ ग्रॅमचा पडला. आजीच्या तोंडचा "पाच तोळे" हा शब्द तसाच नातीच्या तोंडी आला आणि तिने तो आजच्या अर्थाने मोजला, तर कोणीही चोरी केली नसताना आठ ग्रॅम सोने हिशेबातून नाहीसे होते. म्हणून वजन ग्रॅममध्येच लिहावे. शिवाय पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, कुडीत मोती असतात, माळेत दोरा असतो. काट्यावरचे एकूण वजन वेगळे आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगळे, ही दोन्ही लिहावयास हवीत.

दुसरी गोष्ट कसाची. शुद्ध सोने फार मऊ असते, त्याचा दागिना टिकत नाही, म्हणून त्यात तांबे किंवा चांदी मिसळतात. शुद्ध सोन्याचे २४ भाग कल्पिले तर २२ भाग सोने आणि २ भाग इतर धातू असलेले ते २२ कॅरेटचे. हजारात सांगावयाचे तर ९१६. म्हणून अलीकडच्या दागिन्यावर बारीक अक्षरांत ९१६ असा आकडा आढळतो. अठरा कॅरेटचा आकडा ७५०. पूर्वी सोनार काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासून उमटलेल्या रेघेवरून कस सांगत. उत्तम सोन्याला 'बावनकशी' म्हणतात तो शब्द त्याच व्यवसायातला. आता भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यतेची परीक्षणकेंद्रे आहेत. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण येऊ लागली. या खुणेवरून दागिना कोणत्या कसाचा आहे, हे ब्यूरोच्या मोबाइलवरील ॲपमध्ये कोणालाही पाहता येते.

पण आजीच्या डब्यातील जिन्नस त्यापूर्वीचे आहेत. त्यांवर खूण नाही, आणि "जुने सोने ते, अस्सलच असणार" या भरवशावर सगळे चालते. येथे इतिहासाचे एक पान उघडावे लागते. चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, भारत सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू केले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास त्या नियमांनी बंदी केली. हजारो सोनारांच्या तोंडचा घास त्यामुळे गेला, ती वेगळी आणि मोठी करुण कथा आहे. १९६६ मध्ये ही चौदा कॅरेटची अट सैल झाली. तेव्हा त्या तीन वर्षांत कायद्याप्रमाणे घडलेला दागिना चौदा कॅरेटचा असू शकतो. पुन्हा हिशेब करा. ५८.३२ ग्रॅमच्या पाटल्या २२ कॅरेटच्या असल्या तर त्यांत शुद्ध सोने ५३.४६ ग्रॅम. त्याच पाटल्या १४ कॅरेटच्या असल्या तर शुद्ध सोने ३४.०२ ग्रॅम. वजन तेच, रंगही डोळ्यांना जवळजवळ तोच, आणि मोलात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तफावत! दागिना केव्हाचा, हे आजीला विचारून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

पुढे १९६८ च्या सुवर्णनियंत्रण अधिनियमाने सामान्य माणसास सोन्याची लगड किंवा वीट घरात बाळगण्यास मनाई केली. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या बावीस वर्षांत ज्यांनी नातवंडांसाठी म्हणून सोने साठविले, त्यांना ते दागिन्यांच्याच रूपाने साठविणे भाग होते. आपल्या घरांतून चिपा-बिस्किटे क्वचित आणि पाटल्या-बिलवर फार, याचे कारण नुसती हौस नव्हे. त्यामागे हा कायदाही आहे.

आता जुन्या माणसांच्या शहाणपणाचा एक नमुना सांगतो, जो मला फार आवडतो. पुतळ्यांची माळ तुम्ही पाहिली असेल. सोन्याच्या वाटोळ्या चकत्या रेशमी दोऱ्यात ओवलेल्या असतात. ही 'पुतळी' मूळची आपल्याकडची नव्हे. इटलीतील व्हेनिस नगरराज्याने १२८४ पासून डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडले आणि ते राज्य १७९७ मध्ये लयास जाईपर्यंत त्याचे वजन व कस जवळजवळ बदलू दिला नाही. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. मिऱ्या, मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे नाणे अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आले. त्याच्या एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख अशा आकृती असतात. आपल्या लोकांना त्या माणसांची नावे ठाऊक नव्हती. त्यांनी पाहिल्या त्या पुतळ्या, म्हणून नाण्याचे नावही पुतळी पडले. बायकांनी ते गळ्यात घातले.

यात शहाणपण कोणते? मोहनमाळ तीन नातवंडांत वाटावयाची तर ती तोडावी लागते, आणि तोडलेली माळ ही माळ राहत नाही. पुतळ्यांची माळ मात्र दोरा सोडला की तीस सारख्या भागांत सुटते. दहा-दहा पुतळ्या तिघांना दिल्या, की सोनाराकडे जावे लागत नाही, काही वितळवावे लागत नाही आणि कोणाला अधिक-उणे झाले असे म्हणण्यास जागा राहत नाही. पुन्हा तीन नवे दोरे आणून तीन लहान माळा करता येतात. अंगावर मिरविण्याचा दागिना आणि वाटून देण्याची पुंजी अशी दोन्ही कामे एका वस्तूने साधली. अर्थात आज घरोघरी दिसणाऱ्या सगळ्याच पुतळ्या व्हेनिसच्या नव्हेत. पुष्कळ येथल्याच सोनारांनी त्या घाटावर घडविलेल्या, पातळ पत्र्याच्या आहेत. त्यांचा कस तपासूनच घ्यावा. पण विभागता येईल अशा सारख्या तुकड्यांत पुंजी ठेवावी, ही कल्पना आजही तितकीच उपयोगी आहे. आज कोणा आजोबांना चार नातवंडांसाठी सोने घ्यावयाचे असेल, तर चाळीस ग्रॅमची एक साखळी घेण्याऐवजी दहा ग्रॅमची चार नाणी घ्यावीत, असेच मी सुचवीन.

चांदीच्या रुपयांकडे वळू. या रुपयांना घरोघरी 'राणीछाप' किंवा 'राजाछाप' म्हणतात, आणि सगळे 'चांदीचे' या एकाच शब्दात गुंडाळले जातात. नाण्यावरचे साल वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया वजनाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदी दुर्मीळ झाली, आणि १९४० पासून रुपयात अर्धी चांदी व अर्धे इतर धातू असे प्रमाण आले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. समजा पेटीत साठ रुपये आहेत. ते सगळे १९३९ पूर्वीचे असले तर चांदी सुमारे ६४१ ग्रॅम. सगळे १९४० नंतरच्या युद्धकाळातले असले तर सुमारे ३५० ग्रॅम. आमच्या गोव्यात पोर्तुगीज राजाचा मुखवटा असलेले 'रुपिया'ही सापडतात. १८८१ च्या सुमाराचे, राजा लुईश याच्या नावाचे रुपिये वजनाने व कसाने ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचे आहेत. १९४७ च्या पोर्तुगीज रुपियात मात्र चांदी निम्मीच, आणि १९५२ च्या रुपियात ती मुळीच नाही.

एक सूचना येथेच देतो. जुनी नाणी चिंच आणि राख लावून लखलखीत करण्याचा उत्साह आवरावा. काळवंडलेली चांदी ही कमी झालेली चांदी नव्हे. उलट घासल्याने छाप झिजते, आणि काही सालांच्या नाण्यांना संग्राहक धातूच्या किमतीहून पुष्कळ अधिक मोल देतात; ते मोल चिंचेबरोबर धुऊन जाते. आणखी एक गोष्ट परदेशी स्थायिक झालेल्या नातवंडांसाठी सांगावयाची. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि ते खाजगी माणसास देशाबाहेर नेता येत नाही. लिस्बन किंवा लंडन येथील नातवाला आजोबांचा १८८१ चा रुपिया हवा असेल, तर त्याने तो पाहण्यास गोव्यास यावे, हेच बरे.

आता घट कोठे होते ते पाहू. आजीची पाटली सुनेला जुन्या घाटाची वाटते. ती मोडून बिलवर होतात. पुढे नातीला बिलवर नको असतात, तिच्यासाठी साखळी होते. मोड देताना जोडासाठी घातलेला हलका धातू आणि वितळविण्यातील तूट वजा होते, नव्या दागिन्यावर घडणावळ पडते, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहेच. समजा, प्रत्येक वेळी या सर्वांमुळे मोलाचा दहावा हिस्सा गेला. शंभराचे नव्वद झाले, नव्वदाचे एक्याऐंशी, आणि तिसऱ्या वेळी ७२.९. तीन वेळा घाट बदलला आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक पुंजी गेली. सोनाराने कोणाला फसविले नाही. त्याची मजुरी ही त्याच्या कलेचे मोल आहे, ते त्याला मिळालेच पाहिजे. पण ते मोल पुढच्या पिढीला पोचत नाही, हेही तितकेच खरे. ज्या घरात दागिना घालावयाचा आहे त्या घरी ही मजुरी सार्थकी लागते. नातवंड पाच वर्षांचे आणि दागिना तेरा वर्षे कपाटातच राहावयाचा, अशा वेळी नाणे किंवा चीप बरी.

कागदी सोन्याचा मार्गही गेल्या काही वर्षांत निघाला आहे. नोव्हेंबर २०१५ पासून सरकारने सुवर्णरोखे काढले. एक ग्रॅम हे त्यांचे माप, आठ वर्षांची मुदत, आणि मूळ रकमेवर दरसाल व्याज, पहिल्या मालिकांवर पावणेतीन आणि पुढे अडीच टक्के. अज्ञान मुलाच्या नावे पालकामार्फत ते घेता येत. फेब्रुवारी २०२४ ची मालिका ही त्यांतील शेवटची. पण आधी घेतलेले पुष्कळ रोखे अजून मुदतीचे आहेत, आणि कोणा नातवाच्या नावे असतील तर त्याला ते ठाऊक असावयास हवे. शेअरबाजारात खरेदी-विक्री होणारे सोन्याचे फंड भारतात २००७ पासून आहेत. यांत चोरीची भीती नाही, घडणावळही नाही. मात्र आजी गेल्यावर डबा उघडून दिसेल, अशीही ही वस्तू नव्हे. खात्याची नोंद कोणी सांगितली नाही, तर ती कोणाच्या डोळ्यांस पडणे कठीण.

यापुढचा भाग थोडा रुक्ष आहे, पण घरातील वडीलधाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. वस्तू कोणाची, हा प्रश्न कायद्याचा आहे, आणि आपल्या वाचकांत दोन कायद्यांखाली राहणारी कुटुंबे आहेत. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा महाराष्ट्र येथील हिंदू कुटुंबास १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू पडतो. त्या कायद्याने आजीचे सोने हे संपूर्णपणे आजीचे. ती मृत्युपत्र न करता गेली, तर पती, मुलगे आणि मुली यांना ते सारखे मिळते. नातवंडांना हिस्सा केव्हा? त्यांचे वडील किंवा आई, म्हणजे आजीचे ते अपत्य, आधीच वारले असेल तेव्हाच. आईवडील हयात असताना नातवंडास कायद्याने आपोआप काही मिळत नाही. "ही माळ तुका" हे शब्द प्रेमाचे असतात. पण माळ आजीच्याच डब्यात राहिली, तर नुसत्या शब्दांनी ती नातीची होत नाही. एक तर आजीने हयातीत ती प्रत्यक्ष हातात द्यावी, आणि नात अज्ञान असल्यास तिच्या वतीने आईवडिलांनी स्वीकारावी. नाहीतर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे.

गोव्यात रीत निराळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आणि २०१२ च्या गोवा उत्तराधिकार अधिनियमात आता समाविष्ट झालेली ही पद्धती अशी : लग्नाच्या वेळी निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक, प्रत्येकाचा निम्मा वाटा. आणि मुलेबाळे असताना आपल्या वाट्यातीलही निम्मेच मनाप्रमाणे देता येते. उरलेले निम्मे वारसांसाठी राखून ठेवलेले असते. म्हणजे गोव्यातील आजीने सगळे सोने लाडक्या नातवास देऊन टाकले, तर मर्यादेबाहेरच्या दानास तिची मुले पुढे हरकत घेऊ शकतात. काहींना हे बंधन जाचक वाटते. मला ते न्याय्य वाटते, कारण लाडकी आणि नावडती हा भेद ते एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही, आणि मुलगा व मुलगी यांना एका मापाने मोजण्याची तरतूद आमच्याकडे फार आधीपासून आहे. मृत्युपत्रही येथे घरी कागदावर लिहून भागत नाही. ते विशेष नोटरीसमोर नोंदवावे लागते. आणि वाटणीच्या कामात न तुटणाऱ्या वस्तूसाठी वारसांनी आपसांत बोली लावावी, अधिक बोलणाऱ्याने वस्तू घ्यावी आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यावेत, अशी सोय आहे. मोहनमाळ अखंड राहते आणि तंटाही मिटतो.

अज्ञान नातवंडास दिलेले सोने आईवडिलांच्या हाती असते, पण मालकी मुलाची. पेरणीच्या दिवसांत ते गहाण पडते आणि सोडविण्याचे राहून जाते, असे पुष्कळ घरांत घडते. अडचण खरी असते, हे मी नाकारीत नाही, परंतु अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने "माझे कोठे आहे?" असे विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये. बँकेतील तिजोरीच्या नामनिर्देशनाविषयीही एक गैरसमज आहे. ज्याचे नाव तेथे लिहिले, तो पेटी उघडून घेणारा. तो मालक झाला असे नव्हे. कराच्या बाबतीत आजी-आजोबांनी नातवंडास दिलेल्या भेटीवर नातवंडास प्राप्तिकर पडत नाही. पण पुढे ते सोने विकले, तर नफा मोजताना आजोबांची मूळ खरेदीची किंमत धरतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीच्या बाजारभावाचा आधार घेता येतो. पिवळी पडलेली ती जुनी पावती टाकून देऊ नये, ती याकरिता.

कागदाचे महत्त्व आमच्या गोव्याच्या इतिहासाने एकदा फार ठळकपणे दाखविले आहे. पोर्तुगीज अमदानीत येथे 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनु' ही बँक होती. अडीअडचणीला लोक तेथे दागिने गहाण ठेवीत. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात येण्यापूर्वी हे गहाणाचे दागिने लिस्बनला हलविण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला; पण ज्या बायकांच्या बांगड्या आणि माळा त्या पुडक्यांत होत्या, त्या आगरात-कुळागरात वाट पाहत राहिल्या. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९७४ च्या अखेरीस पुन्हा जुळले, तरी सोने आले ते १९९१ मध्ये, भारतीय स्टेट बँकेच्या मार्फत. तीस वर्षे झाली होती. गहाण ठेवताना पस्तीस वर्षांची असलेली बाई तोपर्यंत पासष्ट वर्षांची झालेली. पुष्कळजणी तर राहिल्याच नव्हत्या. त्यांची मुले आणि नातवंडे पुढे आली. सातासमुद्रांपलीकडून आलेली माळ आपलीच, हे नातवाने कशावरून सांगावे? त्याने ती कधी पाहिलेलीही नसते. आजीने ट्रंकेत जपलेली गहाणाची चिठी एवढाच त्याचा आधार.

भावाविषयी थोडे सांगून आटोपतो, कारण "सोने कधी पडत नाही" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. २१ जानेवारी १९८० रोजी जगाच्या बाजारात सोन्याचा एक औंस ८५० डॉलरपर्यंत चढला होता. १९९९ मध्ये तो अडीचशेच्या आसपास उतरला. एकोणीस वर्षे! आपल्याकडे हे फारसे जाणवले नाही, कारण त्या काळात डॉलर सुमारे आठ रुपयांवरून त्रेचाळीस रुपयांवर गेला. डॉलरात पडलेले सोने रुपयांत दीडपटीच्या थोडे वर दिसले. पण तीच रक्कम नऊ टक्के चक्रवाढीने ठेवली असती, तर एकोणीस वर्षांत पाचपट झाली असती; वहीत करून पाहा. चांदी तर याहून चंचल. १९८० च्या जानेवारीत औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेलेली चांदी त्याच वर्षी मार्चअखेर अकरा डॉलरखाली आली. सोने घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. नातवाच्या शिक्षणाची सगळी रक्कम एकाच धातूत अडकवून ठेवणाऱ्या आजोबांनी तो अठरा वर्षांचा होईल त्या वर्षी भाव कोणता असेल, हे आपणास सांगता येत नाही, एवढे जाणून असावे.

या सुट्टीत प्रत्येकाने एक काम करावे. आजी-आजोबांजवळ बसून, त्यांच्या संमतीने, डब्यातील प्रत्येक वस्तूची नोंद एका वहीत घ्यावी. वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे, पण ते मोबाइलवर मित्रांना पाठवू नये. वजन ओळखीच्या सराफाकडे वडीलधाऱ्यांसमक्ष करावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील काटा त्यासाठी मिळणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे, कारण दागिना कोणाच्या बारशाला केला, कोणाच्या आजारपणात गहाण पडला आणि केव्हा सुटला, हे तिच्याखेरीज कोणास ठाऊक नसते. वहीच्या दोन प्रती कराव्या, एक घरात आणि एक बँकेतील तिजोरीत. नोंद कशी असावी, याचा एक काल्पनिक नमुना देतो :

"पाटल्या, एक जोड. एकूण वजन ४६.६६ ग्रॅम, म्हणजे जुने चार तोळे. लाख नाही. कस परीक्षणकेंद्रात तपासला, २२ कॅरेट. दाखला सोबत जोडला आहे. शुद्ध सोने ४२.७७ ग्रॅम. आजीला तिच्या आईने लग्नात दिल्या, सन १९७२. एका पाटलीचा टाका नंतर दुरुस्त केला. आजीच्या हयातीत आजीच्याच. पुढे कोणास, ते तिने नोटरीकडे नोंदविलेल्या मृत्युपत्रात आहे. त्याची नक्कल बाबांच्या फायलीत, हिरव्या पाकिटात."